दूरदेशीं जावें कीं न जावें?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला बोलावयास सांगितलें तेव्हां मीं प्रथम नकार दिला. मी विद्वान नाहीं व वक्ताही नाहीं. विजेच्या तारा जोडण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु समितीचे चिटणीस म्हणाले, "तुम्ही परदेशीं राहून परत आलेले आहां. आज रविवारची मिस्सा संपली कीं देवळाच्या आवारांत एकच विषय निघतो. त्या विषयावर तुम्ही बोलावें." विषय आपणां सर्वांस ठाऊक आहे. अमक्याचा मुलगा कॅनडास पोंचला, तमक्याची सून ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर आहे, शेजारच्या घराला कुलूप लागलें. आतां आपण काय करावें?

या सुवर्णमहोत्सवांत आपण आपल्या धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडीत आहों. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती जणांस मूठमाती दिली, हें सारें देवळाच्या वह्यांत लिहिलेलें आहे. मात्र किती जण गेले व कां गेले याची वही कोणीं ठेविलेली नाहीं. ती वही आज थोडीशी उघडावी असा माझा विचार आहे. जावें किंवा जाऊं नये असा हुकूम करावयास मी उभा नाहीं. जाण्याचा नफातोटा कसा मोजावा, एवढेंच माझ्या अनुभवानें सांगणार आहें. आणि हा प्रश्न मजपुरता केवळ व्याख्यानाचा नाहीं, हेंही आरंभींच सांगून ठेवितों. तो आज माझ्या स्वतःच्या घरांत येऊन उभा राहिला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जाणें हें आपल्या वसईस नवें नाहीं. आपल्या शेजारचें सोपारें प्राचीन काळीं शूर्पारक नांवाचें मोठें बंदर होतें. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेली व १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ती जिंकली; त्या दोन शतकांत कितीतरी लोक येथें आले आणि कितीतरी येथून गेले. पुढें आगगाडी सुरू झाली आणि आपले वाडवडील भाजीच्या, फुलांच्या व केळ्यांच्या टोपल्या घेऊन मुंबईस जाऊं लागले. तें जाणें असें होतें कीं, पहाटे गेलेला मनुष्य संध्याकाळीं घंटेच्या वेळीं घरीं असे. १९७३ नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा वाढला आणि आपल्या तरुणांचें तिकडे जाणें सुरू झालें. तें दुसऱ्या प्रकारचें जाणें. मनुष्य दोन वर्षांनीं एकदां येई, पण येई. आतां कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांकडे जें जाणें चाललें आहे तें तिसऱ्या प्रकारचें आहे. त्यांत परत येण्याची तारीख नसते. आपल्या बोलींत मात्र या तिन्ही प्रकारांस 'गेला' हा एकच शब्द आहे, आणि पुष्कळसा घोटाळा तेथेंच होतो.

धर्माच्या दृष्टीनें पाहिलें तर दूरदेशीं जाण्यांत पाप नाहीं. अब्राहाम आपला देश व आपलें गणगोत सोडून निघाला. रूथ सासूच्या मागोमाग परक्या देशांत गेली आणि तेथीलच झाली. पवित्र कुटुंब हेरोदाच्या भयानें इजिप्त देशांत जाऊन राहिलें. बाबिलोनांत नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्यानें पत्र पाठविलें व तेथें घरें बांधावीं, बागा लावाव्या आणि त्या नगराचें हित पाहावें असें सांगितलें. पोप बारावे पायस यांनीं १९५२ सालीं देशांतर करणाऱ्यांविषयीं स्वतंत्र धर्मपत्र काढलें व त्यांत नाझरेथचें पवित्र कुटुंब हेंच परागंदा झालेल्या सर्व कुटुंबांचा आदर्श मानलें. तेव्हां कोणी गेला म्हणून त्यास नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पण एक फरक पाहा. पवित्र कुटुंब हेरोदाच्या मृत्यूनंतर परत आलें. रूथ परत गेली नाहीं. दोन्ही प्रवास देवाच्या इच्छेंत होते. परंतु ते दोन निराळे प्रवास होते.

आतां माझी हकिगत सांगतों. १९८३ सालीं, वयाच्या २४ व्या वर्षीं, मी कुवेत येथें विजेच्या कामावर गेलों. पोंचल्याच्या पहिल्याच दिवशीं मालकानें माझा पासपोर्ट घेऊन तिजोरींत ठेविला. हा तिकडचा रिवाजच आहे असें मला जुन्या लोकांनीं सांगितलें. एका खोलींत आम्ही आठ जण राहत होतों; त्यांत केरळचे होते, इजिप्तचे होते, फिलिपाइन्सचा एक सुतार होता. शुक्रवारीं तेथें सुटी, म्हणून शुक्रवारीं आम्ही कुवेत शहरांतील पवित्र कुटुंबाच्या महामंदिरांत मिस्सेस जात असूं. तेथील गर्दी पाहून मला प्रथम समजलें कीं, आपला धर्म केवळ आपल्या आळीचा नाहीं. हा लाभ मी पैशापेक्षां कमी मानीत नाहीं.

पैसाही मिळाला. बहिणीचें लग्न झालें, कौलारू घराच्या जागीं पक्कें घर उभें राहिलें, विहिरीवर पंप बसला. मी एक लहानशी वही ठेवीत असें. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च. १९८७ सालीं, उपवासकाळांत, वडील आजारी असल्याचें पत्र आलें. मीं रजा मागितली. मालक म्हणाला, "काम अर्धें आहे, पुढल्या महिन्यांत पाहूं." पासपोर्ट त्याच्या तिजोरींत होता. नंतर तार आली. मी घरीं पोंचलों तेव्हां वडिलांस मूठमाती देऊन दहा दिवस झाले होते. आईनें मला एक शब्दही लावला नाहीं. तिनें फक्त त्यांची काठी दाखविली. परत कुवेतला गेल्यावर मीं वही उघडली व तें कोणत्या बाजूस लिहावें याचा विचार करीत बसलों. लिहावयास जागा नव्हती. विमानाचें भाडें मात्र खर्चाच्या बाजूस मांडलें.

२ ऑगस्ट १९९० रोजीं इराकच्या फौजा कुवेतांत शिरल्या. एका रात्रींत धंदा, मालक, पेढी, सारें नाहींसें झालें. आम्ही बसनें इराकमधून जॉर्डनच्या सरहद्दीवर आलों व वाळवंटांतील छावणींत राहिलों. तेथून अम्मान. एअर इंडियाच्या विमानांनीं त्या सुमारें दोन महिन्यांत एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय मायदेशीं आणिले; त्यांतला मी एक. मुंबईस उतरलों तेव्हां हातांत एक पिशवी होती. सात वर्षांची शिल्लक बुडाली असें मला वाटलें होतें. पण खरें सांगावयाचें तर ती शिल्लक पुढल्या दहा वर्षांत मीं येथेंच, वसईंत, मुंबईंत कामें करून भरून काढिली. वडिलांच्या शेवटच्या दिवसांची भरपाई मात्र आजवर झालेली नाहीं. माझें सारें म्हणणें या एका वाक्यांत आहे. पुढें जें सांगणार आहें तें याचाच विस्तार होय.

आतां माझ्या घरांतील प्रश्न. माझी एकुलती मुलगी परिचारिका आहे. तिचें वय ३४. जांवई कारखान्यांत यंत्रांवर काम करितो. नऊ व पांच वर्षांचीं दोन मुलें आहेत. गेल्या नाताळानंतर एके संध्याकाळीं दोघें आमच्याकडे आलीं व कॅनडास जाण्याचा विचार त्यांनीं आम्हांपुढें मांडिला. मुलगी म्हणाली, "बाबा, येथें रुग्णालयांत बारा-बारा तास उभी राहतें, आणि महिन्याच्या शेवटीं हातांत काय उरतें तें तुम्हांला ठाऊक आहे. तेथें माझ्या कामाला मान आहे. मुलांची शाळा सरकारी व विनाशुल्क, आजारपणांत इलाजाचा मुख्य खर्च सरकारी विम्यांतून. तुम्ही २४ व्या वर्षीं गेलां. मग मला कां अडवितां?" मीं तिला अडविलें नव्हतें. परंतु तिनें पुढें जें मागितलें त्यानें मी गप्प झालों. तिनें आमची वाडी विकावयास सांगितलें.

वाडी कां विकावी लागते तें सांगतों, कारण पुष्कळांस हा भाग कळत नाहीं. कॅनडानें १९६७ सालीं गुणांची पद्धति सुरू केली. मनुष्याचा वंश न पाहतां त्याचें शिक्षण, भाषा, कसब व वय पाहून गुण द्यावे अशी ती पद्धति. २०१५ पासून ही निवड संगणकाच्या द्वारें होते व एकूण १,२०० गुणांची यादी लागते. त्यांत वयास २० पासून २९ वर्षांपर्यंत पूर्ण गुण आहेत. ३० पासून दर वर्षीं ते कमी होतात व ४५ व्या वर्षीं शून्य होतात. म्हणजे माझ्या मुलीनें एक वर्ष विचारांत घालविलें तर तेवढे गुण गेले. शिवाय तेथें नोकरी आधीं ठरलेली नसेल तर निर्वाहाची रक्कम आपल्यापाशीं आहे असें दाखवावें लागतें. २०२५ सालीं चौघांच्या कुटुंबास ती २८,००० डॉलरांहून अधिक होती, म्हणजे सुमारें सतरा-अठरा लाख रुपये. ही रक्कम कोणाकडून उसनी घेतलेली चालत नाहीं, आणि घरादाराची किंमतही तींत धरीत नाहींत. रोकडच हवी. म्हणून आपल्या भागांत कॅनडाचें नांव निघालें कीं पाठोपाठ जमिनीचें नांव निघतें.

अशा वेळीं आपण काय करितों? कागद घेतों, एका बाजूस फायदे लिहितों, दुसऱ्या बाजूस तोटे लिहितों आणि दोन्ही बाजू मोजतों. माझ्या मुलीनेंही तसाच कागद आणिला होता. फायदे अकरा, तोटे सात. ही रीति चुकीची नाहीं, पण अपुरी आहे. कारण थंडी हा एक तोटा आणि आईचें आजारपण हाही एक तोटा, असे ते कागदावर सारखेच दिसतात. मीं तिला सांगितलें कीं, या कागदावर आणखी एक रेघ ओढ. प्रत्येक ओळीपुढें लिही: पांच वर्षांनीं आपण चुकलों असें वाटलें, तर हें परत मिळेल काय?

असें केलें म्हणजे पुष्कळशी भीति नाहींशी होते. थंडीची संवय होते. न झाली तर मनुष्य परत येतो. प्रथम हलकें काम करावें लागतें. येथें शिक्षक असलेला मनुष्य तेथें गोदामांत खोकीं उचलतो. परिचारिकेस तर तेथील प्रांताच्या परिचर्या-मंडळाचा परवाना मिळविल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करितां येत नाहीं, व त्यास वेळ आणि पैसा लागतो. अभिमानास हें लागतें, परंतु तो मान पुढें परत मिळतो. घरभाडें जबर असतें, शिल्लक संपते, पण कमावणाऱ्या हातांस शिल्लक पुन्हां करितां येते. माझीच शिल्लक वाळवंटांत गेली व परत आली. हे सारे तोटे मोठे दिसतात, तरी ते फिटणारे आहेत.

न फिटणारे तोटे संख्येनें थोडे आहेत. पहिला, आईबापांचीं शेवटचीं वर्षें. मुंबईपासून टोरोंटो सुमारें साडेबारा हजार किलोमीटर दूर आहे, आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षां उन्हाळ्यांत साडेनऊ व हिवाळ्यांत साडेदहा तास मागें असतें. आज तार नाहीं. आज दूरध्वनीवर चेहराही दिसतो. मजसारखी कोणाची फसगत होणार नाहीं, कारण तेथें पासपोर्ट आपल्याच हातांत राहतो. तरीही रात्रीं दोन वाजतां आई पडली तर तिला उचलावयास दूरध्वनी उपयोगी पडत नाहीं. आईबापांस तिकडे नेण्याची सोय आहे; एका खेपेस पांच वर्षांपर्यंत राहण्याचा परवाना मिळूं शकतो, पण त्यास खाजगी आरोग्यविमा लागतो, आणि म्हातारपणीं आजारी मनुष्यास तो विमा किती महाग पडतो तें विचारून पाहावें.

दुसरा, मुलांची भाषा. मोठ्यांची भाषा जात नाहीं. पांच वर्षांच्या मुलाची एका हिवाळ्यांत जाऊं शकते. आपली कादोडी किंवा वाडवळी बोली कोणत्याही शाळेंत शिकवीत नाहींत. ती आजीच्या तोंडून कानांत पडते. आजी येथें आणि नातू तेथें, म्हणजे ती बोली तेथें संपली. नातू पुढें मोठा डॉक्टर झाला तरी आजीशीं तिच्या भाषेंत बोलूं शकणार नाहीं. घरांत नियमानें बोलून ती राखणारीं कुटुंबें आहेत. परंतु तें आपोआप होत नाहीं.

तिसरा, जमीन. येथें कायदा नीट समजून घ्यावा. आपल्या संविधानाच्या नवव्या अनुच्छेदाप्रमाणें व १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणें जो स्वेच्छेनें परक्या देशाचें नागरिकत्व घेतो तो भारताचा नागरिक राहत नाहीं. कॅनडांत कायमचा रहिवासी झालेला मनुष्य पांच वर्षांत १,०९५ दिवस तेथें राहिला म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज करूं शकतो. मग त्यास २००५ पासून चालू असलेलें भारताचें परदेशस्थ नागरिकपत्र मिळतें. त्यावर येथें येण्यास व राहण्यास मोकळीक आहे, पण मत देतां येत नाहीं आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वारसानें आलेली जमीन मात्र ठेवितां येते. शिवाय आपल्या राज्यांत १९४८ च्या कूळकायद्यान्वयें जो शेतकरी नाहीं त्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. याचा अर्थ काय? माझी वाडी मीं ठेविली तर माझी मुलगी कॅनडाची नागरिक झाल्यावरही वारसानें ती तिची होऊं शकेल. मीं ती आज विकली तर पुढें तिनें लाखों डॉलर आणिले तरी तिला ती परत घेतां येणार नाहीं. जी गोष्ट राखली तर राहते आणि विकली तर कायमची जाते, ती सर्वांच्या आधीं विकावयास आपण निघतों, हें मला फार चमत्कारिक वाटतें.

परंतु बंधुभगिनींनो, येथेंच थांबलों तर मी अन्याय करीन. राहण्यांतही न फिटणारे तोटे आहेत, व ते आम्ही म्हातारीं माणसें कागदावर लिहीतच नाहीं. मुलीचें वय परत येणार नाहीं. आज जें दार उघडें आहे तें तिच्या चाळिसाव्या वर्षीं उघडें असेलच असें नाहीं. एखाद्या कर्तबगार मुलीला आपल्या काळजीनें बांधून ठेविलें आणि तिचें मन कडू झालें, तर तो कडूपणाही परत गोड होत नाहीं. शिवाय आपण वसईंत राहिलों म्हणजे वसई राहिली असें नव्हे. २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांच्या वर होती. माझ्या बालपणीं ज्या विहिरीचें पाणी गोड होतें तें आज मचूळ लागतें. राजेळी केळीं वाळवून सुकेळीं करणारीं घरें बोटांवर मोजण्याजोगीं उरलीं. मुलगी म्हणाली, "बाबा, वाडी राखा म्हणतां, पण तुमच्यामागें ती करणार कोण?" या प्रश्नास मजपाशीं चांगलें उत्तर नाहीं, आणि नाहीं हें मीं तिच्याजवळ कबूल केलें.

आणखी एक गोष्ट जाणाऱ्यांनीं विसरूं नये. त्या देशाचें दार त्या देशाच्या गरजेप्रमाणें उघडतें व मिटतें. १९१४ सालीं कोमागाता मारू नांवाची आगबोट ३७६ हिंदी उतारू घेऊन व्हँकुव्हर बंदरांत गेली. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते, तरी हिंदुस्थानांतून सरळ, न थांबतां आले नाहींत या नियमाच्या आधारें बहुतेकांस उतरूं दिलें नाहीं. दोन महिन्यांनीं बोट परत फिरविली. कलकत्त्याजवळ बजबज येथें गोळीबार होऊन त्यांतले कित्येक मेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनीं २०१६ सालीं त्याबद्दल आपल्या लोकसभेंत क्षमा मागितली. जुनी गोष्ट झाली, असें आपण म्हणूं. पण अलीकडचें पाहा. जानेवारी २०२४ मध्यें त्या सरकारनें विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, आणि त्यांनीं दाखवावयाची निर्वाहाची रक्कम १०,००० डॉलरांवरून २०,६३५ डॉलर केली. पुढें ती आणखी वाढली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत २०२५ साठीं कायमच्या रहिवाशांची संख्या पांच लाखांवरून ३,९५,००० वर आणल्याचें जाहीर झालें. यांत त्या देशाचा दोष मानूं नये; आपलें घर किती भरावें हें त्यानें ठरवावयाचें. पण ज्या बापानें शेत गहाण टाकून मुलास पाठविलें त्यानें हें दार कायम उघडें राहील असें धरून चालूं नये.

तरुणांस विशेष विनंति आहे. विद्यार्थी म्हणून जाणें व रहिवासी म्हणून जाणें यांत मोठें अंतर आहे. शिक्षणाचा परवाना म्हणजे राहण्याचें वचन नव्हे. शिकत असतां आठवड्यास २४ तासांपर्यंतच बाहेर काम करण्याची मुभा आहे. तेवढ्यांत शुल्क व भाडें निघेल असें कोणी दलाल सांगेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये. २०२३ सालीं बनावट प्रवेशपत्रांमुळें कित्येक भारतीय विद्यार्थ्यांवर तेथून परत पाठविले जाण्याची पाळी आली होती. पत्र खोटें आहे हें त्यांतल्या अनेकांस ठाऊकही नव्हतें. म्हणून कागद स्वतः वाचावा, विद्यालयास स्वतः विचारावें, आणि कोऱ्या कागदावर सही करूं नये.

आतां मागें राहणाऱ्यांविषयीं दोन शब्द. आपल्या धर्मग्रामांत ज्या घरांत फक्त म्हातारा-म्हातारी उरलीं आहेत अशीं घरें आपण ओळखतों. मुलें पैसे पाठवितात, औषधें येतात, पण जिना उतरावयास हात लागतो, मिस्सेस न्यावयास गाडी लागते, बँकेचा कागद वाचावयास डोळे लागतात. प्रत्येक आळीनें अशा घरांची यादी करावी व तरुणांनीं वारीं वांटून घ्यावीं. जाणाऱ्याचा निर्णय त्याच्या घरचा असतो, पण त्याच्या आईची काळजी साऱ्या आळीची असावी. ही एक सोय जर आपण केली तर महोत्सवाच्या रोषणाईपेक्षां ती अधिक दिवस टिकेल.

आणि आपल्या दारीं जे आले आहेत त्यांच्याविषयींही. उत्तर हिंदुस्थानांतून, कोंकणांतून, घाटावरून आलेलीं माणसें आज आपल्या चाळींत भाड्यानें राहतात. त्यांच्या बोलीला आपण हंसतों, त्यांची गर्दी झाली म्हणून कुरकुर करितों. कुवेतांत एका खोलींत आठ जण राहणारा मी त्यांच्यापैकींच होतों. आपलीं मुलें टोरोंटोच्या एखाद्या तळघरांत भाडेकरू म्हणून राहतील तेव्हां घरमालकानें त्यांस जसें वागवावें अशी आपली इच्छा आहे, तसेंच आपण आज आपल्या भाडेकरूस वागवावें.

शेवटीं, माझ्या घरीं काय ठरलें तें आपण विचाराल. आम्ही चौघें तीन रविवार दुपारीं एकत्र बसलों. पहिल्या रविवारीं मीच बोललों. दुसऱ्या रविवारीं मुलगी व जांवई बोललीं. तिसऱ्या रविवारीं माझी पत्नी बोलली. तिला हृदयाचा विकार आहे, आणि तोवर ती एक अक्षर बोलली नव्हती. ती म्हणाली, "माझ्यासाठीं तुम्ही थांबलां, असें मला पुढें कोणी ऐकवूं नये. आणि माझ्यासाठीं वाडी राखली, असेंही ऐकवूं नये. काय करायचें तें उघड करा आणि मला सांगून करा." मला वाटतें, त्या तीन रविवारांत एवढें शहाणपणाचें दुसरें कोणी बोललें नाहीं.

त्यानंतर असें ठरलें. वाडी विकावयाची नाहीं. माझी जी ठेव आहे ती मीं मुलीस द्यावयाची, उसनी नव्हे, बक्षीस म्हणून; आणि उरलेली रक्कम दोघांनीं दीड-दोन वर्षांत जमवावयाची. त्या अवधींत वयाचे कांहीं गुण जातील, हें जाणून. इंग्रजीची परीक्षा व परिचारिकेच्या परवान्याची जेवढी तयारी येथें बसून होते तेवढी येथेंच करावयाची. गेलीं तर पांच वर्षें पुरीं होईपर्यंत परक्या नागरिकत्वाचा अर्ज करावयाचा नाहीं, म्हणजे परत येण्याची वाट तोंवर मोकळी राहील. कायमच्या रहिवाशास तो हक्क टिकविण्यासाठीं दर पांच वर्षांत ७३० दिवस तेथें राहावें लागतें. उरलेल्या दिवसांत येणें-जाणें करितां येतें. मुलांशीं घरांत आपल्याच बोलींत बोलावयाचें. आणि आमच्यापैकीं कोणी अंथरुणास खिळलें तर कोणीं यावयाचें व किती दिवस राहावयाचें, हेंही आतांच बोलून ठेविलें. बोलतांना आम्हां चौघांचेही आवाज नीट निघत नव्हते, तरी बोललों. माझ्या वडिलांशीं मीं हें कधीं बोललों नव्हतों.

ठेव दिल्यावर आमच्या म्हातारपणाचा आधार कमी होणार, हें मला कळतें. तीं जातील कीं नाहीं हेंही अजून ठरावयाचें आहे. गुण पुरतील, न पुरतील. परंतु गेलीं तर तीं काय सोडून जात आहेत हें मोजून जातील, आणि राहिलीं तर काय सोडून राहिलीं हें जाणून राहतील. दोहोंपैकीं कांहींही झालें तरी आमच्या घरांत एकमेकांस दोष देण्याचें कारण उरणार नाहीं, अशी मला आशा आहे.

ज्यांच्या घरांत हा प्रश्न आहे त्यांनीं आधीं दलालाकडे जाऊं नये, आधीं जमिनीच्या गिऱ्हाइकाकडेही जाऊं नये. आधीं घरांतल्या सर्वांनीं, म्हातारीं माणसें व समजत्या वयाचीं मुलें धरून, एकत्र बसावें. परत मिळणारें कोणतें व न मिळणारें कोणतें तें लिहावें. पवित्र कुटुंबाच्या चरणीं प्रार्थना करावी, आणि मग ठरवावें. जे गेले आहेत त्यांस प्रभु सुखी ठेवो. जे राहिले आहेत त्यांच्या हातून त्यांच्या आईबापांची सेवा घडो. आणि पुढल्या महोत्सवांत जेव्हां कोणी ही वही पुन्हां उघडील, तेव्हां तींत आपण एकमेकांस विसरलों असें लिहिलेलें नसो.